दोन फुटी टेबलावर किती इंची मॉनिटर?

चोवीस घ्यावा की सत्तावीस, आणि टू-के की फोर-के, हे दोन प्रश्न घेऊन लोक तपकीर गल्लीत शिरतात आणि दुकानदार जो काढून दाखवेल तो घेऊन येतात. या प्रश्नांचं निम्मं उत्तर घरच्या टेबलावर असतं आणि उरलेलं कॅबिनेटमधल्या ग्राफिक्स कार्डात. म्हणून बुधवार पेठेकडे गाडी काढण्याआधी घरातला टेप शोधा.

मोजायचं ते डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर. गेम खेळताना जसे बसता तसे बसा, हात माऊसवर ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. स्वतः मोजायला गेलं की माणूस पुढे वाकतो आणि आकडा चुकतो. पुण्यातल्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये किंवा पेठेतल्या भाड्याच्या खोलीत असतं ते टेबल बहुतेक वेळा पुढून मागे दोन फूट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर भरतं. मॉनिटरचा स्टँड त्यातले २० ते २५ सेंटिमीटर खातो. पाय मागे भिंतीला टेकले तरी काच भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढेच राहते. टेबलाच्या कडेपासून काचेपर्यंत उरले ४५. तुम्ही कडेपासून १०-१५ सेंटिमीटर मागे बसता, म्हणजे अंतर झालं ५५ ते ६०. दीड फुटी घडीचं टेबल असेल तर हेच अंतर ४०-४५ वर येतं, आणि तिथे २४ इंचाच्या वर जाऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आता पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, किती दाट, ते बघू. स्क्रीनच्या एका इंचात किती पिक्सेल बसतात, त्याला पीपीआय म्हणतात. काढायची रीत शाळेतलीच आहे: आडव्या पिक्सेलचा वर्ग अधिक उभ्या पिक्सेलचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले कर्णाचे इंच. १९२० बाय १०८० चा, म्हणजे १०८०पीचा, कर्ण २२०३ पिक्सेलचा. चोवीस इंची म्हणून विकला जाणारा मॉनिटर प्रत्यक्षात २३.८ इंची असतो, त्यामुळे तिथे ९३ पीपीआय मिळतात. तेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की ८२. आणि २५६० बाय १४४० चा मॉनिटर, ज्याला १४४०पी किंवा आपल्या बाजारात टू-के म्हणतात, तो २७ इंचांवर १०९ देतो. फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०, २७ इंचांवर १६३ आणि ३२ इंचांवर (हाही खरा ३१.५ असतो) १४०.

या आकड्यांचा डोळ्यांशी संबंध असा: निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. त्यावरून एक सोपा भागाकार निघतो. ८७३० ला पीपीआयनं भागा. येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसलात तर पिक्सेल सुटे दिसत नाहीत. २४ इंची १०८०पीला हे अंतर ९४ सेंटिमीटर येतं, २७ इंची १०८०पीला १०७, २७ इंची १४४०पीला ८०, ३२ इंची फोर-केला ६२, आणि २७ इंची फोर-केला ५४. तुमच्या ६० सेंटिमीटरशी हे आकडे ताडून पाहा. फक्त २७ इंची फोर-के पूर्ण पास होतो, ३२ इंची फोर-के काठावर आहे, आणि बाकी सगळ्यांत पिक्सेल कमी-जास्त दिसणारच. गेममध्ये चित्र सतत हलत असतं, त्यामुळे थोडं कमी चालून जातं. १०९ ला तक्रार राहत नाही, ९३ सवयीनं खपतं, ८२ मात्र खपत नाही.

का खपत नाही ते मराठी वाचताना दिसतं. मॉनिटरवर गेमशिवाय आपण बातम्या वाचतो, कॉलेजचं काम करतो, आणि बरेच जण तर दिवसभर त्याच मॉनिटरवर ऑफिस चालवून रात्री गेम लावतात. देवनागरीत शिरोरेषेखाली अक्षराच्या पोटाला, वेब पानावरच्या नेहमीच्या १६ पिक्सेलच्या मजकुरात, जेमतेम आठ-दहा पिक्सेलची उंची मिळते. 'राष्ट्र' मधला ष्ट्र, 'बुद्धी' मधला द्ध, 'ऱ्हास' मधला तो वळलेला ऱ्ह, या सगळ्यांना त्या आठ-दहा पिक्सेलमध्येच मावायचं असतं. २७ इंची १०८०पीवर एकेक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा असतो. जोडाक्षराचं पोट भरून जातं, अनुस्वाराचा गोल टिंब चौकोनी दिसतो, तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात. २७ इंची १४४०पीवर पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा होतो. अक्षर तितक्याच पिक्सेलचं, पण लहान आणि नेटकं दिसतं. लहान वाटलं तर ब्राउझर १२५ टक्क्यांवर न्या, म्हणजे त्याच अक्षराला २० पिक्सेलची जागा मिळते. २७ इंची फोर-केवर विंडोजचं स्केलिंग १५० टक्के ठेवलं की अक्षराचा आकार १४४०पीवर १०० टक्क्यांना असतो तेवढाच राहतो, पण त्यात १६ ऐवजी २४ पिक्सेल खर्च होतात, आणि ष्ट्र छापील पुस्तकासारखा सुटा दिसतो. मराठी वाचणाऱ्या माणसाला हा फरक रोमन लिपी वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो, तरी मॉनिटर घेताना याचा विचार फारसा कुणी करत नाही.

म्हणून २७ इंची १०८०पी घेऊ नका. स्वस्त असतो, खोकं मोठं दिसतं, दुकानात सहा फुटांवरून छानही दिसतो. घरी ६० सेंटिमीटरवर आला की खरा रंग दाखवतो. तेवढ्याच बजेटमध्ये २४ इंची १०८०पी चांगल्या पॅनेलचा आणि १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा) मिळत असेल तर तो घ्या.

आता कार्डाकडे वळू. १०८०पीला एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, २० लाख ७३ हजार पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३६ लाख ८६ हजार, फोर-केला ८२ लाख ९४ हजार. म्हणजे १४४०पी १०८०पीच्या पावणेदोनपटीहून थोडं जास्त, आणि फोर-के १०८०पीच्या बरोबर चौपट. पिक्सेल दुप्पट झाले की फ्रेम निम्मे, इतका सरळ हिशेब नसतो, कारण प्रोसेसरचं काम पिक्सेलवर अवलंबून नसतं. पण जड गेममध्ये ओढ त्याच दिशेनं असते. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० सारखं ८ जीबी मेमरीचं कार्ड १०८०पीचं समजलं जातं. आरटीएक्स ४०७०, ५०७० किंवा १६ जीबीचं आरएक्स ७८०० एक्सटी असेल तर १४४०पी मोकळेपणानं चालवा. फोर-के खऱ्या अर्थानं चालवायचं तर त्याच्याही वरच्या कार्डाचा खर्च धरावा लागतो, आणि तो मॉनिटरच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. ८ जीबी मेमरी भरली की काय होतं, तेही ओळखायला शिका: सरासरी फ्रेम रेट ठीक दिसतो, पण वळताना अचानक झटका बसतो आणि भिंतींचे पोत दोन-तीन सेकंद धुरकट राहतात. त्या वेळी कार्ड जास्तीचा डेटा मदरबोर्डमधून मुख्य रॅममध्ये ने-आण करत असतं. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर, म्हणजे हे पोत, एक पायरी खाली आणलं की हे बहुधा थांबतं. बाकीची बरीचशी सेटिंग कमी करून फारसा उपयोग होत नाही.

पण "८ जीबीचं कार्ड म्हणजे १०८०पीच" हा जुना सल्ला आता जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याच्या या सोयी गेमच्या सेटिंगमध्ये असतात) क्वालिटी या पायरीवर ठेवलं की गेम आतून प्रत्येक बाजूला दोन तृतीयांश पिक्सेलच रंगवतो आणि बाकीचे हिशेबानं भरतो. १४४०पी मॉनिटरवर क्वालिटी लावलं तर आत फक्त १७०७ बाय ९६० रंगवलं जातं. हे साध्या १०८०पीपेक्षाही कमी आहे! भरणीचं काम स्वतः थोडा वेळ खातं, त्यामुळे शेवटी फ्रेम रेट १०८०पीच्या आसपास येऊन थांबतो, पण चित्र आणि अक्षरं १४४०पीची मिळतात. याच्या उलट १०८०पी मॉनिटरवर क्वालिटी लावलं की आत १२८० बाय ७२० उरतं. इतक्या कमी कच्च्या मालातून पानं, जाळ्या, केस नीट भरले जात नाहीत आणि लुकलुकतात. म्हणून ४०६० वाल्यानं जड, कथाप्रधान गेम खेळायचे असतील तर २७ इंची १४४०पी घ्यायला घाबरू नये. मेमरीची मर्यादा राहतेच, टेक्स्चर मिडीयम किंवा हायवर ठेवायचं. एक गोष्ट मात्र करू नका: १४४०पी मॉनिटरवर विंडोजचं किंवा गेमचं रेझोल्यूशन सरळ १०८०पी करू नका. १०८० चा एक पिक्सेल तिथे सव्वा ते दीड पिक्सेलवर पसरतो, पूर्ण आकड्यात बसत नाही, आणि सगळं चित्र साईसारखं पुसट होतं. फोर-केवर हीच गोष्ट चालते, कारण तिथे एकाचे बरोबर चार होतात. फक्त कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये इंटीजर स्केलिंग चालू करावं लागतं.

रिफ्रेश रेट, म्हणजे हे हर्ट्झ, त्याबद्दल थोडक्यात. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. ६० वरून १४४ वर जाताना जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर जाताना तीनही नाहीत. वॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे नेमबाजीचे गेम मनापासून, रोज, क्रमवारीसाठी खेळत असाल तर २४-२५ इंची १०८०पी आणि २४० हर्ट्झ हाच मार्ग आहे. स्पर्धांमध्येही याच आकाराचे मॉनिटर असतात, कारण मान न हलवता कोपऱ्यातला नकाशा नजरेत राहतो. पण इथे कार्डाआधी प्रोसेसर थकतो. सहा कोअरचा चार-पाच वर्षं जुना प्रोसेसर गर्दीच्या लढाईत २४० फ्रेम धरून ठेवेलच असं नाही. आधी आहे त्या मॉनिटरवर फ्रेमची मर्यादा काढून, सगळी सेटिंग किमान ठेवून आकडा बघा. तो लढाईत १५० च्या खाली जात असेल तर २४० हर्ट्झचे पैसे प्रोसेसरमध्ये घाला.

मोठ्या स्क्रीनचा मोह सगळ्यांनाच होतो. ३२ इंची मॉनिटर ७० सेंटिमीटर रुंद असतो आणि ६० सेंटिमीटरवरून डोळ्यांत साठ अंशांचा कोन भरतो. फोर-के असेल आणि टेबल अडीच फुटी असेल तर हा फार सुखाचा मॉनिटर आहे. ३२ इंची १४४०पी मात्र पुन्हा ९३ पीपीआयवर येतो, म्हणजे चोवीस इंची १०८०पीचाच दाटपणा, फक्त मोठा. ३४ इंची अल्ट्रावाईड, म्हणजे जास्त रुंद मॉनिटर (३४४० बाय १४४०), उंचीला २७ इंचीएवढाच, रुंदीला ८० सेंटिमीटर. तीन फूट लांबीच्या टेबलावर तो ठेवला की स्पीकर आणि कॅबिनेट खाली जमिनीवर. कार्डाला त्यावर १४४०पीपेक्षा एक तृतीयांश पिक्सेल जास्त रंगवावे लागतात. शर्यती आणि फ्लाइट सिम्युलेटरला तो अप्रतिम. वॅलोरंट मात्र रुंद स्क्रीनला जास्तीचं दृश्य देत नाही. आणि ४३ इंची फोर-के टीव्ही: पीपीआय १०२, म्हणजे कागदावर चांगला. पण ९५ सेंटिमीटर रुंदीचा टीव्ही दोन फुटांवर ठेवला की प्रत्येक कोपऱ्यासाठी मान फिरवावी लागते, आणि बरेच टीव्ही रंगांची माहिती निम्मी करून दाखवतात, त्यामुळे लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा फुटतात. टीव्हीचा गेम मोड चालू करणं आणि एचडीएमआय इनपुटला पीसी हे नाव देणं, दोन्ही केल्याशिवाय त्याची परीक्षा करू नका. हा टीव्ही पलंगावरून खेळणाऱ्यासाठी ठीक.

पॅनेल, म्हणजे स्क्रीनची जात: आयपीएस, व्हीए किंवा ओलेड. त्याचा निर्णय खोलीतल्या उजेडावर घ्या. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ च्या आसपास. रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याला व्हीएचा काळा जास्त काळा वाटेल, पण स्वस्त व्हीएमध्ये गडद भागातली हालचाल मागे काळं शेपूट सोडते. रात्रीच्या दृश्यात कॅमेरा फिरवला की लगेच दिसतं. मला आयपीएस बरा वाटतो. ओलेडचा वेग आणि काळा दोन्हींना तोड नाही, तरी देवनागरी वाचणाऱ्यानं एक बघून घ्यावं. ओलेडच्या क्यूडी-ओलेड या प्रकारात लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात असतात, त्यामुळे आडव्या कडांवर हिरवी-गुलाबी झाक येते. आपली शिरोरेषा म्हणजे आडवी कडच! १४४०पी क्यूडी-ओलेडवर मराठी पान उघडून शिरोरेषेच्या वर-खाली बघा. काहींना अजिबात खटकत नाही, काहींना पाच मिनिटांत खटकतं. शिवाय बाल्कनीचं दार उघडं असलेल्या खोलीत त्याचा काळा करडा-जांभळट दिसतो. टास्कबार आणि एकाच जागी राहणाऱ्या चिन्हांनी डाग पडण्याचा धोका वेगळाच, तेव्हा दिवसभर ऑफिस चालवणाऱ्यांनी सांभाळून.

घरी आणल्यावर बहुतेकांची चूक केबलमध्ये होते. केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली की चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर येतं, आणि महागडं कार्ड रिकामं बसतं. कॅबिनेटच्या मागे उभे पोर्ट मदरबोर्डचे, त्याखाली आडवे असतात ते कार्डाचे. केबल खालच्यालाच लावा. दुसरी चूक, विंडोज नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. १६५ किंवा १८० हर्ट्झच्या कित्येक मॉनिटरांवर एचडीएमआयमधून १४४ च मिळतात, पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टमधून. खोक्यात मात्र बऱ्याचदा नेमकी एचडीएमआय केबल निघते. डिस्प्लेपोर्ट १.४ वर १४४०पीला २४० हर्ट्झपर्यंत अडचण नाही. फोर-के १४४ ला डीएससी नावाचं कॉम्प्रेशन किंवा एचडीएमआय २.१ लागतं. अधूनमधून स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येत असेल तर मॉनिटरला दोष देण्याआधी केबल बदला, दीड-दोन मीटरचीच घ्या. डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलमध्ये २० क्रमांकाची पिन जोडलेली असते, जी जोडायची नसते. त्यातून मॉनिटरचा वीजप्रवाह उलटा कार्डाकडे जातो आणि कॉम्प्युटर बंद करूनही पंखे किंवा दिवे अर्धवट चालू राहतात, नाहीतर सुरूच होत नाही. असं दिसलं तर ती केबल लगेच काढून टाका.

ॲडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय, मॉनिटरच्या मेनूत आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे चालू करावं लागतं. फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चारनं कमी ठेवा, १६५ असेल तर १६१. ओव्हरड्राइव्हची (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणाऱ्या सेटिंगची) सगळ्यात वरची पायरी वापरू नका. हलणाऱ्या वस्तूमागे पांढुरकी सावली दिसते ती त्यामुळेच. मधली पायरी बहुतेक मॉनिटरांना बरोबर बसते.

टेबल खरंच कमी पडत असेल तर मॉनिटर आर्मनं, म्हणजे स्टँडऐवजी टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळायच्या हातानं, पाच ते दहा सेंटिमीटर परत मिळतात. मॉनिटरमागे १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटर अंतरावर स्क्रूची भोकं आहेत का ते आधी बघा, स्वस्त मॉडेलमध्ये ती नसतातही. भुशाच्या बोर्डाचं टेबल असेल तर क्लॅम्पच्या वर-खाली लाकडी फळीचा तुकडा घाला, नाहीतर बोर्ड दबून चुरा होतो. काचेच्या टेबलाला आर्म लावूच नका.

किमतीबद्दल एकच: २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, आता सगळ्यांवर १८ आहे. ३४ इंचीचा जुना भाव कुणी सांगितला तर पुन्हा विचारा, आणि भाव जीएसटीसकट आहे का तेही विचारा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

दुकानातच लावून बघण्याचा आग्रह धरा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशा पाच चित्रांचा पेन ड्राइव्ह सोबत न्या, दुकानाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण स्क्रीनवर लावा. काळ्यावर कोपरे उजळ दिसले तर डोकं डावी-उजवीकडे हलवा: उजेड जागा बदलत असेल तर तो आयपीएसचा स्वभाव, जागचा हलत नसेल तर पॅनेल नीट बसलेलं नाही, दुसरा मागा. एखादा मेलेला पिक्सेल बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, किती असले की बदलून देतात ते पैसे देण्याआधी विचारा. २७ इंचीचं खोकं स्कूटरच्या पायाशी उभं राहतं पण हँडल वळू देत नाही, आणि आडवं ठेवलं तर खड्ड्यात पॅनेलवर ताण येतो. रिक्षानं न्या, उभं धरून. पावसाळ्यात दुकानातूनच प्लॅस्टिक गुंडाळून घ्या. घरी स्टँड लावताना पॅनेल फोममध्ये पालथं असतानाच लावा, काचेवर बोटांचा दाब देऊ नका. खोकं आणि फोम वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर पॅनेल सुखरूप जायला तेच लागतात.